समुद्र उजव्या हाताला

कार्बायोतलं आमचं स्वयंपाकघर, मेणकापडावर नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, अर्धा पाव, बाबांच्या चष्म्याचं घर
आणि गाडीची किल्ली.
किल्लीला वजन ते काय,
तो कोपरा सारखा वर वळतो.

रविवारच्या रश्शातले शिंपले मी धुऊन ठेवले होते,
दर दीपगृहावर एकेक उपडा घातला.
सिसार्गास बेटावरचा बाबांनी चाचपून उचलला:
"इथं होडी लागते. आपण रस्त्याची माणसं."

एकतीस वर्षं ट्रक.
लाशेच्या धक्क्यावर संध्याकाळी बर्फ आणि मासळी भरायची,
पहाटे माद्रिदच्या बाजारात उतरवायची.
दीपगृह असं त्यांनी एकही पाहिलं नाही.
काचेवरून ओलं फडकं फिरावं तसा उजेड फिरून जायचा,
तेवढीच ओळख.
बुरूज गोल की चौकोनी, विचारू नका.
फिस्तेर्राचा पाच सेकंदांनी एकदा,
विलानचा दोनदा, मग बराच वेळ काही नाही,
हे मात्र झोपेतून उठवून विचारा.

माझी यादी वेगळी होती.
गुरुवारी कामारिन्यास, तिथल्या बायकांची लेस,
लाकडी चात्यांचा तो टकटकाट;
दुपारी डोसिंदाच्या जावेच्या खाणावळीत
उकडलेला ऑक्टोपस, वर लाल तिखट.
"ऑक्टोपस काय, डोळे मिटूनही खाता येतो,"
बाबा म्हणाले, आणि मग
पावाचा तुकडा मोडायला दोघांनाही बराच वेळ लागला.

कोरुन्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर वर्तुळ काढलं होतं,
मधला भाग पेन्सिलीनं काळा केला होता.
हे जाईल. कडेचं राहील.

रोंकुदोला पांढरे क्रूस आहेत,
लाटांच्या तोंडातून पेर्सेबेस खरवडायला गेलेल्यांचे.
एक बाबांच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा.
थांबायचं का तिथं?
"थांबू. कोर्मेतून निघताना दर खेपेला हॉर्न द्यायचो.
तेवढंच."

मग त्यांनी माझी सगळी यादी रात्रीवर ढकलली.
"दिवसा काय बघायचं त्यांच्यात?
दिवसा ती सरकारी कचेरी असते."
मी म्हटलं, वळणं आहेत, धुकं आहे, चालवणार मी आहे.
म्हणाले, "वळणं मी सांगतो."

ज्यूरिखहून ब्राइसचा फोन. दोघांना वेड लागलंय का?
पैसे पाठवतो, समुद्र दिसणारी खोली घ्या.
बाबांनी शांतपणे विचारलं, "कुणाला दिसणारी?"
फोन माझ्या हातात होता, मी हवापाण्याचं बोलले.

रात्री साडेदहाला दिवा घालवायला लावला.
मला टॉर्च देऊन दाराशी उभं केलं.
"डावीकडून ये. नाही. आता उजवीकडून. हळू.
थांब. तिथंच."
मी फ्रीजला टेकून उभी होते, ते समोर भिंतीकडे बघत होते
आणि उजव्या कडेनं मला पाहत होते.

म्हणून माल्पिकापासून सुरुवात, खाली फिस्तेर्रापर्यंत,
उलटं नाही.
तसं गेलं तर समुद्र त्यांच्या खिडकीत राहतो.
परतीला आतल्या रस्त्यानं येऊ, झाडंच झाडं.
परतीचं त्यांनी काहीच ठरवू दिलं नाही.

आता ते टेबलावर बोटानं विलान वाजवतायत.
दोन टिचक्या.
मग ते थांबतात, आणि त्या थांबण्यात मी लिहून घेते:
पेट्रोल. टॉर्चचे सेल. लोकरी शाल, त्यांची, भोकाची का असेना.
मांजर डोसिंदाकडे.
किल्ली उचलायला जाते तर कोपरा वळतो,
एक शिंपला घरंगळून खुर्चीखाली.
कुठला, ते मी बघत नाही,
कारण पुन्हा दोन.