पाणी कुठून आलं

सर्व्हेअर मस्करेन्हस चपला बाहेर काढून आला.
म्हटलं, राहू द्या, आत चिखलच आहे.
तरी काढल्या.
मग भिंतीला टेप लावली:
फरशीपासून डागापर्यंत दोन फूट सात इंच.
कपाटामागे डाग आणखी वर गेलेला.
ते धरता येत नाही, म्हणाला,
ती ओल. पाणी नव्हे.

पाणी कुठून आलं? दारातून की मोरीतून?

काय फरक पडतो?
पडतो. दारातून आलं तर पूर.
मोरीतून उलटं आलं तर तुंबलेलं गटार,
आणि गटार तुमच्या पॉलिसीत नाही.

कुर्ल्यात तळमजल्यावर एकतीस वर्षं काढली,
पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री दीडची भरती, साडेचार मीटरची.
पेपरात वाचली होती, पीठ भिजवता भिजवता.
आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे, मग मिठीचा वास.
जाळीवर पाटा ठेवला, पाट्यावर गव्हाचा डबा.
पाटा हलला नाही.
पाणी त्याच्या कडेकडेनं आलं,
घरातलंच माणूस उठावं तसं, दिवा न लावता.
दारातलं नंतर.
तिथे फळी होती, फटीत जुनं नऊवारी कोंबलेलं.
मधल्या खोलीत दोन्ही पाण्यांची गाठ पडली,
आणि मग कुणाचं कुठलं, सांगता येईना.

मस्करेन्हसनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
त्याचं घर क्रांतिनगरच्या अंगाला, तळमजल्यावरच.
मी विचारलं म्हणून सांगितलं.
विमा?
हसला. कागद अजून आजोबांच्या नावावर.
'दारातून' लिहा, म्हणाला.
दारातूनही आलंच होतं.
लिहिलं.

अडीच महिन्यांनी आले एकोणीस हजार सहाशे.
गादी अकरा वर्षांची, म्हणून तिचे कापले.
शिलाई मशीन धंद्याचं, म्हणून गाळलं.
लोणच्याच्या दोन बरण्या
मी लिहिल्याच नव्हत्या.

त्या पैशातून उंबरा वाढवला, दीड फूट.
मोरीला झडपेचा पाइप: पाणी जाईल, येणार नाही.
गवंडी स्वतःच्या कामावर खूश.
आता एक थेंब नाही, काकू.
मग ते जाईल कुठे?
त्यानं थापीनं शेजारचं दार दाखवलं.

खैरुनबींचा उंबरा चार बोटं.
त्या दारातच मेथी निवडत होत्या.
वर बघून म्हणाल्या, छान झालं हो,
पण तुमच्या गुडघ्याला जड जाईल.

जातं. रोज, दूध घ्यायला जाताना.

मे महिन्यात हप्ता भरून येते
आणि भरतीच्या तारखा दोन कागदांवर उतरवते,
एक त्यांच्या फ्रिजवर चिकटवायला.
यंदा तारखा सात आहेत.
तिघींखाली मी लाल रेघ मारली,
आणि कागद द्यायला गेले
तेव्हा त्यांच्या उंबऱ्यावर
उगाच थोडा वेळ उभी राहिले.