उच्चार अस्पष्ट

खानापुरातून जांबोटीच्या रस्त्याला लागून
डावीकडं वळलं की आमची शाळा.
फलक कन्नडात, खाली बारीक मराठी.
पोरं तेवीस, मी एकटी.
जूनमध्ये खोकं आलं: सहा टॅब्लेट,
आणि प्रत्येकात एक बाई,
न दमणारी, न खोकणारी,
जिच्या पदराला खडू लागत नाही अशी.

‘चित्र बघा आणि सांगा,’ ती म्हणाली,
‘आई काय करत आहे?’

सुप्रिता घाडीनं तोंड जवळ नेलं,
बहिऱ्या आज्जाच्या कानाशी नेते तसं.
‘आई गवत कापूलालीय.’

गोल फिरला.
‘उच्चार अस्पष्ट. पुन्हा बोला.’

कापूलालीय.
पुन्हा.
काऽपूऽलाऽलीय.
पुन्हा.

मग गावाच्या सवयीनं तिनं भाषाच बदलली.
सेटिंगात शिरून कन्नड लावलं
(ते कुठं असतं, मलाही ठाऊक नव्हतं)
‘अव्वा हुल्ल कोय्याकत्त्याळ.’
तिथंही गोल फिरला, तिथंही तेच,
फक्त बाई बंगळूरची.

वर्ग फुटला हसून. सुप्रिताही.
‘बाई, हिला दोन्ही येत नाहीत की!’

मला हसू आलं नाही.
एकोणीस वर्षांच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या,
पण त्यांतलं लाल पेन माझं होतं.
करूलालो खोडून करत आहे,
येऊलालाय खोडून येत आहे.
भरमा गुरव पाचवीत बडबड्या होता,
सातवीत हजेरीला नुसता हात वर करायचा.
प्रगतीपुस्तकात मी लिहिलं होतं:
‘स्वभाव शांत.’

टॅब्लेटात कोपऱ्यात एक बटण आहे,
‘तुमचा आवाज पाठवा.’
रेंज येते पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर.
शनिवारी शाळा सुटली की पोरं तिथं बसून
त्या बाईला शिकवतात:
आम्ही भात लावूलालाव.
फणस पिकूलालाय.
म्हस शिंग घासूलालीय.
आमची बाई रागावूलालीय.
शेवटचं कुणाचं, ओळखलं मी.

सत्तेचाळीस आवाज झाले.
गोल फिरतोय.
पोचले का, कोण ऐकणार,
विचारायचं तरी कुणाला?

सोमवारी चाचणीचे पेपर घेतले.
तिसऱ्या प्रश्नाला सुप्रिता:
‘आई गवत कापूलालीय.’
पेनाचं टोपण काढून बसून राहिले.
पुढं बोर्डाची परीक्षा आहे,
तिथं मी नसणार.
शेवटी वर बारीक लिहिलं, पेन्सिलनं,
कापत आहे.
खालचं तसंच ठेवलं.
गुण दिला पुरा.