तिसऱ्या सत्राचा फॉर्म

फॉर्मवर चार चौकोन होते:
पेशी, कीटक, सस्तन प्राण्यांचं प्रजनन,
आणि मत्स्यशास्त्र. त्याच्यासमोर कुणीतरी
पेन्सिलीनं लिहिलेलं: जागा शिल्लक.

अमरावती रोडवरच्या आमच्या विभागात
जून अर्धा सरला तरी कूलरमध्ये पाणी टाकणाऱ्या शिपायाकडे
सगळे देवासारखं बघतात.
निकहतनं उभ्याउभ्याच पेशीवर खूण केली.
"पॅथॉलॉजीवाले लगेच ठेवून घेतात, भाईजान सांगत होता."
टेकामनं कीटक घेतले.
लाल मुंग्यांची चटणी तिला येतेच,
आता वंशावळही पाहिजे म्हणते.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं,
काढलं.

पहिल्या सत्रात हॉस्टेलवर सांगितलं होतं,
बाबा सोसायटीत असतात.
खोटं नव्हतं ते.
मच्छीमार हा पहिला शब्द तेवढा गाळला होता.
गणेशपेठ स्टँड यायच्या आधी
एस.टी.तच ओढणीला लिंबू चोळायची मी.
साकोलीत त्याला कुणी वास म्हणत नाही,
भंडारा ओलांडला
की तो वास होतो.

खानोरकर मॅडमनी मला संग्रहालयातल्या बरण्या पुसायला लावलं.
दोनशे बारा बरण्या. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात,
म्हणून त्या दिवशी रडले की नाही हे नक्की सांगता येत नाही.
एका बरणीवर मरळ लिहिलेलं, लॅटिनमध्ये.
फुटाळा तलाव, १९७८.
आतली मासोळी जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी.
मी बराच वेळ बघत राहिले.
ओळखीच्या माणसाला कुणी भलत्याच नावानं हाक मारावी
तसं काहीतरी.

फोटो बाबांना पाठवला.
"मेलेली काहून दाखवून राहिली?"
मग थोड्या वेळानं,
"बाजूनं काढ. तोंड दिसू दे."
मग लगेच,
"हे मरळ नोहे बाई. बोटरी आहे.
मरळीचं तोंड इतकं आखूड कुठं असते?"

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला,
चिमट्यानं पाठीचा पर उलगडला,
आणि आम्ही दोघींनी काड्या मोजल्या.
तीस.
पुन्हा मोजल्या. तीसच.
मरळीला चाळीसच्या घरात हव्यात.
म्हणजे इतकी वर्षं
प्रत्येक बॅचनं प्रॅक्टिकलच्या वहीत
ही चूक सुबक अक्षरात उतरवली होती,
आणि त्या सुबक अक्षराला दहापैकी नऊ मिळाले होते.

"नवं लेबल लिही," मॅडम म्हणाल्या,
"ओळख पटवणाऱ्याचं नाव खाली."
पूर्ण नाव?
"मग काय अर्धं?"
बारावीपासून मी वनिता फ. नान्हे लिहिते.
त्या टिंबामागे काय आहे, कुणी विचारलं नव्हतं.
बारीक निबेनं, काळ्या शाईत,
फॉर्मॅलिननं उडणार नाही अशा, लिहिलं:
वनिता फागोजी नान्हे.
फागोजीला जागा जरा कमी पडली,
जी खाली उतरला.

फॉर्म त्या संध्याकाळी दिला.
फोनवर सांगितलं तर बाबा चिडले.
"मासोळीच धरायची होती
तर जाळं काय महाग होतं?
दोन वर्षं मेसचा डबा भरला मी."
यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजून नाही.
पराच्या काड्यांवरून घराचं भाडं निघतं का,
नेट निघाली नाही तर काय,
तलावाचा ठेका दरसाली कुणाला जातो
हे कुठल्या पेपरात येतं,
यातलं काहीच त्या चौकोनात लिहिलेलं नव्हतं.

रात्री उशिरा त्यांचाच फोन आला.
निकहत झोपली होती, मी गॅलरीत गेले.
बराच वेळ नुसता बेडकांचा आवाज, त्यांच्याकडचा.
मग म्हणाले,
"ते बरणीतली. किती सालची म्हणाली तू?"
अठ्ठ्याहत्तरची.
"हं.
म्हणजे माझ्याच उमरीची."