पाठपुराव्यातून सुटलेली : नऊ

प्राध्यापकपदाच्या अर्जाला जोडायचं पान
डॉ. एस्नार्ट म्सुक्वांनी मला टाइप करायला दिलंय.
झोम्बाच्या ग्रंथालयातली वीज दोनला जाते,
त्याआधी आटप, म्हणाल्या, आणि वॉर्डाकडे निघून गेल्या.
चपलांची लाल माती माझ्या फरशीवर.

शोधनिबंध एकूण एकेचाळीस.
सायटेशन दोन हजार एकशे सहा.
एच-इंडेक्स एकोणीस.
आमच्या गावात बाईला विचारलं, किती लेकरं,
तर ती उलट विचारते :
झालेली, की असलेली?

सगळ्यात जास्त उल्लेख क्रमांक चारचे.
अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तेल चोळण्याबद्दलचा.
आकडे थोडे, घाई फार, आणि निष्कर्ष चुकलेला.
तेव्हापासून जगभर कुणी ना कुणी लिहितंच असतं,
'म्सुक्वा व इतर यांचं म्हणणं टिकत नाही.'
मोजणाऱ्या यंत्राला शिवी काय नि ओवी काय,
एक अधिक एक अधिक एक.
दुरुस्तीही त्यांनीच लिहिली, दीड पान.
तिचे उल्लेख चार.

मी म्हटलं, हा चौथा गाळू या का?
हसल्या. म्हणाल्या, वेड्या, त्याच्यावर तर सगळा डोलारा.
मग जरा वेळानं, चष्मा पुसत,
'आणि तेव्हा वाचून ज्यांनी चोळलं, ती बाळं कशी गाळशील?'

'व इतर' म्हणजे कोण, तेही मला माहीत आहे.
नर्स तमांडानी, जी वजनकाटा पोटाशी धरून
चिल्वा तळ्याच्या दलदलीतून होडीत बसायची.
सायकलवाला विझिकी, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं
पण कुठल्या झोपडीत कंदील रात्रभर जळतो, हे पाठ होतं.
अर्जात त्यांच्यासाठी रकाना नाही.

क्रमांक सतरा. सायटेशन शून्य.
छातीशी बाळ बांधायच्या चितेंजेची गाठ
काखेखालून कशी न्यावी, कुठे सैल सोडावी,
दोन पानं मजकूर, एक रेखाचित्र.
परीक्षकानं विचारलं होतं, गाठीला पुरावा काय?

आमच्या बांधीव खंडातलं ते रेखाचित्र
कुणीतरी ब्लेडनं कापून नेलं.
मी तीन आठवडे चिडलेला होतो.
वाचकांच्या यादीवर लाल शाईनं दंडही लिहिला.
मग बहिणीच्या बाळंतपणाला काचुलूच्या दवाखान्यात गेलो,
तर भिंतीवर तेच पान,
न्सिमाच्या खळीनं चिकटवलेलं,
कडा बोटांनी काळ्या झालेल्या,
खाली मुंग्यांची रांग खळ खायला.
ग्रंथालयाचा शिक्का दिसत होता.
मी काही बोललो नाही. दंड अजून येणे आहे.

एकोणतीस क्रमांकाचा निबंध मीच तपासला होता.
बाळं दोनशे बारा.
पाठपुराव्यातून सुटलेली, नऊ.
छापताना ते ओळीच्या शेवटी कंसात गेले,
आणि कंस मिटला.
बाईंनी मात्र एक वही ठेवलीय, खालच्या खणात, बिस्किटांच्या डब्याखाली.
'फाइलेसीचं बाळ. मुलगा. चौदाशे दहा ग्रॅम. नाव अजून ठेवलेलं नाही.'
अशी नऊ पानं.
शनिवारी त्या कुठे जातात, शिपायालाही ठाऊक आहे.

पावणेदोनला आल्या. उभ्यानंच पान वाचलं.
दोन स्वल्पविराम काढले.
मग एकोणतिसाव्याच्या टिपेतला नऊ पेनानं खोडून
आठ केला.

मी म्हटलं, बाई, छापून तेरा वर्षं झाली.
म्हणाल्या, काल जालीच्या बाजारात सुकी मासळी घेत होते,
आईनं ओळखलं मला. त्यानं नाही.
पैसे घेताना सुटे मागितले,
माझ्याकडे नव्हते, तर तोंड वाकडं केलं.
मयामिको नाव ठेवलंय.

मी आठ टाइप केला.
हा बदल कुठल्या नियमात बसतो, हे विचारायला तोंड उघडलं
आणि वीज गेली, दोनला सात मिनिटं कमी असताना.
सेव्ह केलं होतं की नाही
आठवत नाही.