पुकारा

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
एकाचं आपरेशन यवतमाळला लागलंय, दुसऱ्याला तारीख नाही.
म्हणून मालिका मी बघते आणि बाबा ऐकतात.
मोबाइल पायलीला टेकवून ठेवलेला,
खाली हिंदी अक्षरं पळतात, ती मी पकडते
आणि घरच्या बोलीत त्यांच्या कानाशी सोडते.

लढाई संपलीय. हरलेले सेनापती, कारखानदार, एक डॉक्टर
दोन रांगांत बसवलेत, शाळेच्या फोटोसारखे.
सहा भाग आहेत. आज तिसरा.

"पुकारा कोन देऊन रायला तिथं?"
हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्यांनी.
कोणीच नाही, म्हटल्यावर नाराज झाले.
एकतीस वर्षं घाटंजीच्या कोर्टात,
पांढरा डगला, लाल पट्टा, पितळी बिल्ला.
दारात उभं राहून नाव हाकारायचं, तीनदा,
असं, की एसटी स्टँडवरच्या माणसानं कप खाली ठेवावा.
अजूनही गाय चुकली की शेजारी
बाबांनाच बोलावतात.

तिसऱ्या भागात सगळ्यांच्या कानांवर काळे डबे.
"गाने आयकून रायले काय?"
नाही बाबा, भाषा.
काचेमागे बायामाणसं बसलीत,
तो त्याच्या बोलीत सांगतो, ती बाई लगेच फिरवते,
ज्याला जी समजते ती त्याच्या कानात.

तंबाखू मळता मळता अंगठा थांबला.
"मंग साक्षीदार कोनत्याई भाषेत बोलला तं चालते?"
चालते.
"लिहून घेतेत?"
घेतात.

काचेमागची ती बाई एका आरोपीचं बोलणं फिरवत होती
आणि मी तिचं:
माझ्याकडे कागद यायचा. मी तो पुढे द्यायचो.
कागदात काय आहे ते मी वाचत होतो,
पण माझं काम देण्याचं होतं.
बाई असून ती 'होतो' म्हणत होती,
तिच्यामागून मीही.

"हे कोन बोललं?"
आरोपी, बाबा.
"आवाज तं तुयाच हाय."
मग हात पुढे करून त्यांनी मोबाइल चाचपला.
थांबव, म्हणाले.

पंचफुला टेकाम.
पोडावरच्या सात झोपड्या जळाल्या, त्या खटल्यात.
तीन तारखा गेल्या, चौथीला आली,
पायी, कडेवर पोर.
पहिल्याच हाकेला पिंजऱ्यात उभी राहिली
आणि कोलामीत सांगत सुटली,
बोटं मोजत, एकेका आरोपीकडे बघत.
साहेब नवे, नागपूरचे. वकील हसला.
कारकुनानं लिहिलं:
साक्षीदारास काही सांगता येत नाही.

"मले समजत होतं," बाबा म्हणाले.
लहानपणी कोलामाच्या पोरांसंगं ढोरं चारलेली.
"समदं समजत होतं. दाराशीच उभा होतो.
पट्टेवाल्यानं नाव पुकारावं. मंधात बोलू नाई."

मी काही बोलले नाही.
अंगणात पऱ्हाटीच्या गंजीत मांजर खुडबुडत होतं,
शेजारच्या मोटारपंपाला लाइन आली होती.

पोर कोणाचं होतं, एवढंच विचारलं मी.
का विचारलं, माहीत नाही.
"भावाचं," ते म्हणाले. "भाऊ जळाला त्यात."

आणि खूप वेळानं:
"मागं घे. थे काचीमागची बाई येते तिथून."

घेतलं. बाई पुन्हा आली.
तिच्या आवाजाखाली त्याचा आवाज,
मुरमाखालून पाणी जावं तसा.
या खेपेला मी वाचलं नाही.
बाबाच बोलायला लागले,
कोलामीत, हळू, अडखळत, कुठे कुठे मागे जाऊन दुरुस्त करत.
त्यात एखादा शब्द 'मी' असा असेल,
कुठला, ते मला ओळखता आलं नाही.
बोटं मोजली जात होती. चार.
पाचव्यापाशी हात तसाच राहिला, हवेत.

खाली अक्षरं पळत होती
दुसऱ्याच खटल्याची.