बोया क्रमांक सात

शून्य म्हणजे लाट नाही.
आणि लाटेची खबरच नाही,
तेही हाल्वार्डने शून्यानेच लिहिलं होतं
एकोणीस वर्षांपूर्वी,
फिनमार्कच्या टोकाला, या बंदराच्या ऑफिसात,
जिथे नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो
आणि कोणी त्याचा अर्ज मागत नाही.

त्या रात्री बोया गोठला होता.
पडद्यावर: लाटेची उंची, शून्य.
अस्लाकने वाचलं, दोर सोडला.

होडी परत आली, पुढची काच घालवून.
अस्लाकही आला,
फक्त आता समुद्र कसा आहे विचारलं
तर तो आधी तुमच्याकडे बघतो,
तुम्हाला काय ऐकायचंय ते ताडत.

मी हाल्वार्डकडे गेले. भांडायला नव्हे,
असं जिना चढताना स्वतःला बजावलं.
त्याने कॉफी ओतली, सुका कॉड हातोडीने ठेचला,
म्हणाला, "तोरुन, रकाना रिकामा राहिला की
सगळं कोसळायचं, आणि रात्री दोनला
फोन माझ्याच घरी. काहीतरी भरणं भाग होतं.
शून्य हाताशी होतं."

मी काय बोलणार?
आईच्या फोनवर "बरं चाललंय" हे
मीही असंच भरत आलेय.

आता प्रत्येक आकडा डबीतून येतो.
डबीत काही असेल, किंवा नसेल,
झाकण काढल्याशिवाय हाती लागत नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे खपत नाही.
कंपायलर दारातच आडवा हात धरतो:
मूठ उघड,
पण त्याआधी सांग,
रिकामी निघाली तर काय करशील?

एक्केचाळीस जागी अडवलं त्याने.
एक्केचाळीस वेळा तेच, नसेल तर?
चौदाव्या जागी मी शिवी घातली.
तेविसाव्या जागी हात थांबला:
हा प्रश्न मला आजवर
कोणी विचारलाच नव्हता.

काही ठिकाणी उत्तर माझ्यापाशी नव्हतं.
तिथे ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकलं.
म्हणजे, मला हे निस्तरत नाही, वर कळवा.
खालची ओळ वरचीला देते, वरची तिच्या वरचीला,
चूक हातोहात चढत जाते
आपलं कारण पाठीशी बांधून,
वाटेत कोणी तिचं शून्य करत नाही,
आणि जो काही ठरवू शकतो
त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

एका जागी मात्र मी लिहिलं: उघड, असणारच.
सेटिंगची फाइल होती. ती नसेल
तर सुरू होण्यातच अर्थ नाही,
कोसळायचं तर धक्क्याला बांधलेलं असताना कोसळ.
शेजारी टीप ठेवली, माझ्या नावानिशी.

जानेवारीत सात नंबर पुन्हा गोठला.
पडद्यावर उमटलं:
उत्तर नाही. कारण, अँटेनावर बर्फ.
शेवटची नोंद पहाटे तीन चाळीस,
तीन पूर्णांक एक मीटर.

अस्लाकने वाचलं. पुन्हा वाचलं.
काचेतून अंधाराकडे बघत राहिला,
मग दोराला आणखी एक गाठ मारून
घरी झोपायला गेला.
त्या पहाटे समुद्र कसा होता, कोण जाणे.
शांतही असेल.

संध्याकाळी हाल्वार्डचा फोन.
"काय म्हणतोय सात?"
"माहीत नाही म्हणतोय."

पलीकडून बराच वेळ
काहीच आलं नाही.
मी ते शून्य धरलं नाही.