चौऱ्याहत्तर

रविवारी पहाटे स्टेडियमच्या तळघरात
मी शनिवार धुते.
एकशे पाच जर्स्या, तितक्याच विजारी,
गवताचा हिरवा, रक्ताचा तपकिरी,
आणि मैदानावरच्या रेघांचा तो पांढरा रंग
जो सव्वीस वर्षांत मला पुरता निघालेला नाही.

चौऱ्याहत्तर नंबर ट्रेव्हिअसचा.
वर दुकानात हाच आकडा नव्वद डॉलरला टांगलाय,
नवा कोरा, कुणाचाच घाम न लागलेला.
माझ्या हातातला खांद्यावर दोनदा शिवलेला.
ह्याची किंमत विचारायला कुणी खाली येत नाही.

ट्रेव्हिअस येतो. ड्रायरच्या उबेला बसतो,
मांडीवर रसायनशास्त्राचं जाडं पुस्तक.
"घेता येणार नाही हा विषय, मिस व्हर्ना.
प्रयोगशाळा दुपारी दोनला. सरावही दोनला.
कोचच्या ऑफिसनं दुसरा विषय घालून दिला,
उद्यानांचं व्यवस्थापन."
हसतो. मग म्हणतो,
"आमच्या गावात उद्यान नाही."
पुस्तक मात्र परत करत नाही.

आमच्या घरी हा वाद जेवणाच्या टेबलावर असतो,
मिठाच्या बरणीशेजारी.
माझी ओडेसा नर्सिंग शिकते, रात्री पेट्रोल पंपावर उभी राहते,
एक्केचाळीस हजारांचं लोन डोक्यावर.
"तो फुकट शिकतो, आई.
खोली फुकट, जेवण फुकट, बूटसुद्धा फुकट.
मी कुणाला धडक मारून पाडलं नाही
म्हणून जन्मभर हप्ते भरायचे?"
मी भाकरी मोडत राहिले, मक्याची, कोरडी.
ती चुकीचं बोलत नव्हती.
ट्रेव्हिअसही चुकीचं बोलत नव्हता.
दोघं बरोबर असली की आईनं काय बोलावं?

वरच्या काचेच्या खोलीतली माणसं मात्र बोलायची.
टॉवेल पोचवायला गेले की कानावर पडायचं:
"शिक्षण हेच त्यांचं मोल. आणखी काय हवं?"
ग्लासात बर्फ वाजायचा.
त्या ग्लासाच्या तळाखालच्या रुमालावरही
चौऱ्याहत्तर नंबर छापलेला.

ऑक्टोबरात गुडघा गेला.
आवाज म्हणे पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला.
मी खाली होते, मला मशीनचाच आवाज.
त्या आठवड्यात त्याची जर्सी
एवढी स्वच्छ आली की मी हातात धरून उभीच राहिले.

वसंतात त्याच्या विजारीच्या खिशात एक पत्र
मशीनमधून धुऊन निघालं.
मी ते इस्त्रीच्या टेबलावर पसरलं, वाळवलं.
शाईची सही विरघळून गेली होती,
एक निळसर डाग उरला होता फक्त.
छापील मजकूर जसाच्या तसा:
शिष्यवृत्ती दरवर्षी नव्यानं दिली जाते.
यंदा ती देता येत नाही, याचा खेद आहे.
म्हणजे निर्णय होता,
घेणारा मात्र वाहून गेला होता गटारात.

ओडेसानं वाचलं ते. दोनदा.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग पाण्याचा पेला उचलत म्हणाली,
"माझं लोन वाईट आहे.
पण बँकेनं माझा गुडघा तारण ठेवलेला नाही."

तो निघाला तेव्हा त्यानं जर्सी मागितली.
जर्सी विद्यापीठाची मालमत्ता, तसं यादीत लिहिलंय,
आणि यादीवर सही माझी.
माझी सही अजून विरघळलेली नाही.
मी काय केलं ते सांगणार नाही.
त्या वर्षी हिशेबात एक जर्सी कमी भरली,
ड्रायरनं खाल्ली असं मी लिहिलं.

आता म्हणे पोरांना पैसे मिळतात.
मिळोत. बरं झालं.
कुस्तीचा संघ त्यासाठीच बंद केला म्हणतात,
आणि पोहणाऱ्या मुलींचे टॉवेल
मागच्या मार्चपासून माझ्याकडे येत नाहीत.
कोरडं कपाट उघडलं की अजून
क्लोरीनचा वास येतो.

चौऱ्याहत्तर नंबर आता दुसऱ्याच्या पाठीवर.
नाव अजून पाठ झालेलं नाही मला.
उजव्या बाहीवर डाग आहे,
आधी गार पाण्यात भिजत घालते.